पिठाच्या डब्यातला आवाज

आषाढ पौर्णिमा चार दिवसांवर आली की मी स्टुलावर चढते आणि माळ्यावरून आईचा पिठाचा डबा खाली काढते. चौकोनी, जाड पत्र्याचा डबा. आता त्यात पीठ नाही. आत एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर आहे, लिंबाएवढाले दोन कपॅसिटर आहेत, आणि लाल, काळ्या, हिरव्या वायरींचं एक गाव आहे. बाहेरून बटण, आवाजाची गोल खुंटी आणि मिणमिणता दिवा. हा माझा अँप्लिफायर. विकत आणलेला नव्हे, मी केलेला. त्यातला एकेक डाग माझ्या सोल्डरिंगच्या कांडीने दिलेला आहे, आणि हे मी कुणालाही, न विचारताच, सांगते.

डबा खाली आला की बाबा खुर्चीतून उठतात. मी स्पीकर जोडते, बटण दाबते. बाबा स्पीकरच्या जाळीवर तळहात टेकवतात आणि डोळे मिटतात. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, हाताची कातडी कागदासारखी, पण तो हात जाळीवर पडला की मी शाळेतल्या पोरीसारखी गप्प उभी राहते. मग ते डोळे उघडतात. "बरंय. चालव."

एवढं झालं की आमच्या घरी वर्षावास सुरू झाला म्हणायचं.

आमच्या चाळीच्या तळमजल्यावर विहार आहे. दोन खोल्यांमधली भिंत काढून केलेला, लांबट, खालची फरशी कायम गार. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने तिथे रोज संध्याकाळी साडेसातला ग्रंथवाचन चालतं. पूर्वी पावसाळ्यात भिक्खू फिरणं थांबवून एका जागी राहायचे, तो वर्षावास. आम्ही कुठे फिरतोय म्हणा! कामावरून यायचं, हातपाय धुवायचे, चार पायऱ्या उतरून विहारात बसायचं. न वाळलेल्या पांढऱ्या साड्यांचा कुबट वास, मेणबत्त्यांचा वास, दाराशी चपलांचा चिखल, समोरच्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीचा निळसर उजेड खिडकीतून आत. आणि कमलमावशीचं वाचन. एक प्रसंग वाचून झाला की ती थांबते, आणि सगळे मिळून म्हणतात, साधू, साधू, साधू.

कमलमावशी आमच्या मजल्यावरची. पूर्वी गिरणीत बायकांच्या खात्यात सुताची रिळं भरायची. गेली पंधरा-सोळा वर्षं वाचनाचा मान तिचा. ती चौथऱ्यावर बसते, ग्रंथ तीन पायांच्या उंच तिकाटण्यावर ठेवते, आणि सावकाश, एकेक शब्द मोकळा सोडत वाचते. आवाज मात्र बारीक. वयानं आणखी बारीक झालेला. मागच्या रांगांना निम्मं कळायचं नाही.

बाबा मात्र पहिल्या रांगेत, सतरंजीवर. गुडघे दुखतात, खुर्ची देतो म्हटलं तरी नको. मान वर करून मावशीकडे बघत राहायचे. शेजारी वसंतकाका. वसंतकाका मालवणकडचे, रस्त्यापलीकडच्या चाळीत राहणारे, तिथल्या भजनी मंडळात टाळ धरणारे. पण वर्षावासात रोज आमच्या विहारात बाबांना चिकटून. दोघेही एकाच गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे. त्यांच्यासारखेच आणखी दोन म्हातारे साचेवाले त्याच रांगेत. चौघांचा "साधू" सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत मोठा.

माझी गोष्ट सुरू होते ती आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षावासात.

आई गेली मास्कच्या दिवसांत. रोगाने नाही, हृदयाने. त्या दिवसांपासून बाबा गप्प झाले. आधीही फार बोलके होते असं नाही, पण आईशी चालू असायचं. तिच्यामागे घर एकदम मुकं झालं. मी स्वयंपाक करता करता बोलायची, "बाबा, आज हॉस्पिटलात काय गंमत झाली माहितीय?" उत्तर नाही. बाथरूममधून ओरडायची, "बाबा, दूध वर येईल, बघा जरा!" दूध उतू जायचं. मी चिडायची. मग वाटायचं, दुःख आहे, राहू दे. बाबांना कमी ऐकू येतं हे ठाऊक होतं, साचेखात्यात तीस वर्षं काढलेल्या कुणाला नीट ऐकू येतं? कानाचं मशीन आणून दिलं होतं. चार दिवस लावलं. "चमच्यांचा आवाज ऐकायला कशाला पाहिजे मशीन?" म्हणाले आणि डबीत घालून कपाटात ठेवलं.

मी लग्न केलं नाही. ठरलं होतं, मोडलं, तो विषय वेगळा. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं, वर्गात मी एकटी मुलगी. आता परळच्या एका मोठ्या रुग्णालयात यंत्रं दुरुस्त करते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या छातीचे ठोके दाखवणारी यंत्रं ठाकठीक करायची आणि घरी येऊन बापाशी भिंतीशी बोलल्यासारखं बोलायचं. याचा मला किती राग यायचा, काय सांगू!

आणि एक जुना सल होता. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी मी घरी रेडिओ बनवला होता. पहिला. लाकडी खोका, वर पितळी खुंटी. बाबा दुसरी पाळी करून आले, मी रेडिओ लावून समोर ठेवला. गाणं चालू होतं. त्यांनी खोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "छान आहे," आणि जेवायला बसले. बस्स! पुढे कधी त्यांनी तो रेडिओ लावला नाही. टीव्हीवरच्या बातम्या बघायचे, रेडिओ नाही. मी बनवलेली एक गोष्ट बाबांनी एकदा तरी धड ऐकावी, एवढंच माझं मागणं होतं, आणि ते अठराव्या वर्षापासून तसंच राहिलं होतं.

त्या वर्षी विहारातला जुना माईकसेट, ज्याचा माईक मावशीच्या डोक्यावर टांगलेला असायचा, एकदाचा संपला. कर्कश होताच, त्यामुळे कुणी रडलं नाही. कमिटीत चर्चा झाली, नवा आणू. मी उठून म्हटलं, आणायचा नाही, मी करते. बाजारातले सेट नुसते ओरडतात. मी असा करीन की कमलमावशीचा आवाज जसाच्या तसा शेवटच्या माणसाला पोचेल. कमिटीला म्हटलं, शेवटच्या माणसाला. मनात होता तो पहिल्या रांगेतला एक माणूस. बाबा एवढी मान वर करून बसतात, जीव कानात आणून ऐकायची धडपड करतात, असं मला वाटायचं. इतका स्वच्छ आवाज त्यांच्या कानाशी नेईन की बाबा घरी येऊन माझ्याशी बोलतील. वेडेपणा म्हणा.

दर शनिवारी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फेऱ्या झाल्या. तिथला माझा दुकानदार पुड्या बांधता बांधता म्हणायचा, "मॅडम, रेडी सेट घेऊन जा ना, क्यूं तकलीफ?" मी म्हणायची, तकलीफ माझी आहे, तुम्ही ट्रान्सफॉर्मर दाखवा. डब्याचा शोध मात्र घरात लागला. आईचा पिठाचा डबा रिकामा पडून होता. पत्रा जाड, बाहेरचा खरखराट आत येऊ न देणारा. मी भोकं पाडायला घेतली तेव्हा शिवणीतून जुनं पीठ सांडलं. ड्रिल बंद करून थोडा वेळ बसून राहिले. मग पुन्हा सुरू केलं. आजही डबा तापला की बाजरी भाजल्यासारखा वास येतो. विहारात नवी येणारी माणसं इकडेतिकडे बघतात, भाकरी कोण करतंय म्हणून.

महिनाभर रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर माझा संसार मांडलेला असायचा. सोल्डरचा धूर, रोझिनच्या राळेचा गोडसर वास. बाबा समोर बसून बघायचे. काही विचारायचे नाहीत, पण बघायचे. डाग नीट बसला की तो आरशासारखा चकाकतो, फसला तर राखेसारखा मळका दिसतो. चार दिवसांत त्यांना फरक कळला. मळका दिसला की ते बोटाने दाखवायचे, "हा." नुसतं "हा." मी पुन्हा द्यायची. एवढं बोलणं आमच्यात आईनंतर पहिल्यांदाच होत होतं.

आणि मग ती संध्याकाळ. सगळं जोडून झालं होतं. देवाचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, मी आईचं घेतलं आणि बटण दाबलं. दिवा लागला, काही जळलं नाही. मोबाईलवरून एक बासरी लावली. अहाहा! ओल्या भिंतींच्या त्या खोलीत बासरीवाल्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मी बासरी बंद केली. शांत. "झालं!" मी म्हटलं.

बाबांनी हात पुढे केला आणि स्पीकरवर ठेवला. त्यांची भुवई आक्रसली. "मशीन चालू आहे."

"नाही बाबा. बंद केलंय गाणं."

"गाणं नाही. मशीन चालू आहे. घुमतंय."

मी कान लावला. काही नाही. पंखा बंद केला, खिडकी लावली, श्वास धरला आणि पुन्हा कान लावला. होती! अगदी खोल, बारीक गुणगुण. विजेची घरघर, वायरींची जोडणी चुकली की अशी आत शिरते. पन्नाशीला आलेल्या, धडक्या कानांच्या मला जी ऐकू आली नाही, ती या बहिऱ्या माणसाने तळहातावर ओळखली होती.

मग आम्ही दोघांनी ती शोधली. ते हात ठेवून बसले, मी एकेक वायर हलवत गेले. "वाढलं." दुसरी. "तेच." तिसरी. "कमी. थांब. अजून जरा. गेलं." माझ्याकडे मीटर होता, पण मीटरकडे मी पाहिलंच नाही. चूक अशी होती की अर्थिंगच्या तारा मी जवळ सापडेल तिथे जोडल्या होत्या. त्या सगळ्या एकाच स्क्रूखाली आणल्यावर डबा गार पडल्यासारखा शांत झाला. मी विचारलं, तुम्हाला कसं कळतं? म्हणाले, "साच्यावर हात ठेवला की कळायचं, कुठला दात झिजलाय. कानाने कोण ऐकतंय तिथे?"

उद्घाटनाच्या संध्याकाळी विहार भरला होता. चौथऱ्यावर कमलमावशी, समोर बाकदार मानेचा चकचकीत माईक, ओठांपासून बरोबर चार बोटांवर. मी शेवटी डब्याजवळ, खुंटीवर हात. मावशीने पहिला शब्द उच्चारला आणि मागच्या रांगेतल्या बाया एकदम ताठ झाल्या. एकजण म्हणाली, "अगं बाई, कमल कानात बोलतेय जशी!" वरच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकली. तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या एका आजीने नातीकडून निरोप पाठवला, सगळं ऐकू येतंय म्हणून. मी बाबांकडे पाहिलं.

बाबा मान डावीकडे झुकवून बसले होते. मग उजवीकडे. वसंतकाकाही तसेच. प्रसंग संपला, मावशी थांबली, सगळ्यांनी "साधू" म्हटलं. पहिल्या रांगेचा "साधू" उशिरा आला, इतरांचं बघून. दुसऱ्या प्रसंगाच्या मध्येच बाबा जमिनीला हात टेकून उठले, माझ्या बाजूने गेले, माझ्याकडे न बघता, आणि जिना चढून घरी. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी वसंतकाका आणि बाकीचे दोघेही आले नाहीत. पहिली रांग रिकामी.

चौथ्या दिवशी मी भाकरी थापत होते. बाबा माझ्या पाठीमागे खुर्चीत. मी भिंतीकडे तोंड करून बडबडत होते, सगळं जग चांगलं म्हणतंय, तुम्हालाच काय झालंय, बोला तरी एकदा! उत्तर नाही. तेव्हा माझा तोल गेला. पिठाच्या हातांनीच गर्रकन वळले, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, तुमच्यासाठी केलं मी ते! फक्त तुमच्यासाठी!"

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "माझ्यासाठी केलंस, तर कमलचं तोंड कशाला झाकलंस?"

मला कळेना. "म्हणजे?"

"नंदे, मला आवाज कळत नाही. नुसता गलका येतो. मला तोंड कळतं."

तव्यावरची भाकरी करपली.

त्यांनी माझा हात धरला आणि मला गॅलरीत नेलं. संध्याकाळची सहाची वेळ, खाली बस अडकलेली, हॉर्नचा नुसता कल्ला. रस्त्यापलीकडच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर वसंतकाका कठड्याला टेकून उभे होते, रोजच्यासारखे. बाबा रोज या वेळी गॅलरीत येऊन समोर बघत उभे राहतात, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. मला वाटायचं, म्हातारी माणसं, उभी राहतात. बाबांनी कठड्यावर बोटाने दोनदा ठोकल्यासारखं केलं आणि तोंड हलवलं. आवाज नाही. वसंतकाकांनी तोंड हलवलं. बाबा हसले. वसंतकाकांनी मिशीला पीळ दिल्यासारखं करून काहीतरी म्हटलं, बाबा आणखी हसले.

"काय म्हणतात?"

"म्हणतो, पोरीला कळलं वाटतं एकदाचं. जॉबर झालीय नुसती, ऐकत नाही कुणाचं." जॉबर म्हणजे खात्यातला वरचा माणूस. तो येताना दिसला की सगळे मिशीला पीळ देऊन एकमेकांना इशारा करायचे.

साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालायचे. कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून तिथली माणसं ओठांवर बोलायची, दहा-दहा साच्यांच्या अंतरावरून. गिरणी बंद पडली, या दोघांचं बोलणं बंद पडलं नाही. त्या रस्त्यावरून ट्रक गेले, बस गेल्या, मिरवणुका गेल्या, आणि त्यांच्या डोक्यावरून ही दोन माणसं रोज संध्याकाळी गप्पा मारत होती. माझा दहावीचा निकाल या रस्त्यावरून गेला होता. माझं मोडलेलं लग्नही. मी थक्क होऊन कधी इकडे, कधी तिकडे बघत होते. एवढी मोठी वायरिंग माझ्या डोळ्यांसमोर, आणि मला दिसली नव्हती.

मग एकेक आठवायला लागलं. आई कधीही पाठमोरी बोलली नाही. काही सांगायचं असलं की हातातलं काम टाकून बाबांसमोर यायची. मला वाटायचं, काय बाई हिची रीत, मीठ संपलंय एवढं सांगायला बाहेर येते! लाइट गेली की बाबा गप्प व्हायचे आणि आई आधी मेणबत्ती स्वतःच्या तोंडाजवळ लावायची. मास्क आले आणि सगळ्या जगाची तोंडं झाकली गेली. त्याच दिवसांत आई गेली. आम्ही म्हटलं, दुःखाने मुके झाले. दुःख होतंच. पण त्या घरात त्यांच्या समोर येऊन बोलणारं कुणी उरलं नव्हतं, आणि ते कुणी म्हणजे मी होते. यंत्रांचे आजार ओळखण्याचा पगार घेते मी! मला इतकी लाज वाटली की मी रडले, गॅलरीतच, भर रस्त्यासमोर.

"सांगितलं का नाहीत कधी?"

"सांगितलं असतं तर तू ओरडून बोलली असतीस. सगळे ओरडतात. ओरडलं की तोंड वाकडं होतं, मग काहीच कळत नाही."

त्या संध्याकाळी ते खूप बोलले. मी समोर पाट घेऊन बसले होते, उजेडाकडे तोंड करून. माझे आजोबाही गिरणीतच होते, पण सूत कातायच्या खात्यात. साचेखात्यात आमच्या लोकांना घेत नसत. साच्यात आडवा दोरा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून तो तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि आमच्या तोंडचा धोटा बाकीच्यांना चालायचा नाही. बाबांच्या वेळेपर्यंत हाताने ओवायचे धोटे आले, कायदा आला, भांडणं झाली, आणि बाबा आत शिरले. पहिले काही महिने त्यांच्याशी कुणी बोललं नाही. बोललं नाही म्हणजे त्यांच्याकडे तोंडच केलं नाही. साचा अडला तरी काय अडलंय ते कळायला मार्ग नाही. मग एक दिवस शेजारच्या साच्यावरचा मालवणी पोरगा मान वळवून त्यांच्यासमोर उभा राहिला आणि सावकाश ओठ हलवले. दोरा. तुटला. दोरा. तुटला.

"तो वसंत," बाबा म्हणाले. "पहिला शब्द त्याने दिला मला."

मग बाबांनी विषय बदलला. "तुझा तो रेडिओ. त्याची उजवीकडची फळी सैल होती. गाणं वर गेलं की थडथडायची. तुला सांगायचं राहिलं."

तीस वर्षं झाली होती त्या रेडिओला. आणि तो हात! मी समजत होते, त्यांनी ऐकलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी माईक काढला. कमलमावशीकडे गेले, सगळं सांगितलं. तर ती म्हणते, "अगं, मला माहितीय की. म्हणून तर मी ग्रंथ उंच ठेवते आणि मान खाली घालत नाही. पहिल्या रांगेला मी तोंडावरच वाचून दाखवते."

"मग माईक लावला तेव्हा बोलली का नाहीस?"

"एवढ्या हौसेने केलंस. तुझ्या आईचा डबा. माझी जीभ उचलली नाही गं."

म्हणजे साऱ्या चाळीला ठाऊक, फक्त घरातल्या इलेक्ट्रॉनिक्सवालीला नाही. घ्या!

बारीक कॉलरमाईक आणून तो मावशीच्या पदराला, छातीवर लावला. तोंड मोकळं. पण माईक लांब गेला तसा आवाज वाढवावा लागला, आणि वाढवला की स्पीकर शिट्टी मारायचा. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. शेवटी स्पीकर चौथऱ्यावरून उचलून विहाराच्या मध्यावर नेला, मागच्या लोकांकडे तोंड करून. पहिल्या रांगेला आवाजाची गरजच नव्हती. पुढे मावशीचे ओठ, मागे माझा डबा. बाबा खाली आले, आपल्या जागी बसले, मान वर केली. प्रसंग संपला आणि चौघांचा "साधू" सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठ्याने आला. मी खुंटीवरचा हात काढून डोळे पुसले.

उरलेला वर्षावास मी शिकण्यात घालवला. आवाज न काढता बोलायला. पहिल्यांदा वसंतकाकांसमोर ओठ ताणून ताणून बोलले, तर ते कळवळून म्हणाले, "गो बाय, तोंड इतक्या कित्याक वासतंस? आमी बहिरे असंव, खुळे नाय!" साधं बोलायचं, घाई न करता, उजेडात उभं राहून. आणि मुख्य म्हणजे बोलायच्या आधी समोर जायचं. स्वयंपाक करताना मी आता गॅस बारीक करते, बाहेर येते, मीठ संपलंय म्हणून सांगते. दिवसातून वीस फेऱ्या होतात. आईच्या वीस फेऱ्या मी कधी मोजल्या नव्हत्या.

आता पुन्हा आषाढ आलाय. काल पौर्णिमा झाली. डबा खाली आला, बाबांनी हात ठेवला, "बरंय, चालव" म्हणाले. विहार गच्च. मेणबत्त्या, ओले पदर, मधेच डब्यातून येणारा बाजरीचा वास. कमलमावशी वाचत होती, मागच्या बाया माना डोलावत होत्या. मी शेवटी डब्याजवळ. पहिला प्रसंग संपून दुसरा सुरू व्हायच्या आधी ती पाणी प्यायला थांबली, तेव्हा बाबांनी सहज मागे वळून पाहिलं. आमच्या मध्ये साठ-सत्तर डोकी.

मी उजेडात सरकले. आवाज न काढता विचारलं, "जेवायला काय करू?"

बाबांनी जराही विचार न करता, तितक्याच गंभीर चेहऱ्याने ओठ हलवले. "सुके बोंबील."

पौर्णिमेचा दिवस, सगळ्या चाळीत खीर! मी कपाळावर हात मारला. पहिल्या रांगेतले बाकीचे तिघे, ज्यांनी बाबांचं तोंड वाचलं होतं, ते एकदम फुटले. वसंतकाका तर सतरंजीवर आडवे व्हायचे बाकी. सगळा विहार बघत राहिला, या म्हाताऱ्यांना झालं काय! कमलमावशीने पाण्याचा पेला खाली ठेवला, चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं; त्यांनी वळून तेच दोन शब्द तिलाही ओठांवर सांगितले. मग तिने माझ्याकडे पाहिलं. पदराला लावलेल्या माईकवर तिने हळूच तळहात झाकला, म्हणजे डब्यापर्यंत काही जाऊ नये, आणि तोंड उघडं ठेवून, आवाज न करता मला म्हणाली, "दोन मलाही ठेव."